दारावर तिकिटं तपासणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कातल्या कॉमेडी क्लबच्या दारावर तुम्ही तिकिटं स्कॅन करत होतात. माझ्याबरोबर माझे बाबा होते, हातात काठी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आता आठवलं असेल.

बाबा सदाशिव पेठेत वाढले. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडलं तेव्हा ते कॉलेजात होते. भरत नाट्य, टिळक स्मारक, बालगंधर्व, सगळीकडच्या तिकीट खिडक्या त्यांना पाठ. खिडकीमागचा माणूस कागदी प्लॅनवर पेन्सिलीने फुली मारायचा, आणि ‘आईचे गुडघे दुखतात, कडेची द्या’ म्हटलं की कडेची मिळायची. आई गेल्यापासून मात्र त्यांनी नाटकाचं नावच टाकलं होतं. मग नातवाने मोबाईलवर मराठी स्टँडअप दाखवलं आणि एका मुलाचे व्हिडिओ पाहून बाबा आपणहून म्हणाले, ‘याला समोर बसून ऐकायचंय.’ हे वाक्य आमच्या घरात केवढं मोठं होतं ते कसं सांगू!

तिकीट काढताना जे झालं त्याने मी रडकुंडीला आले होते. खात्यातून पैसे गेले, तिकीट आलं नाही. चॅटवर विचारावं तर ‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे एकच उत्तर, मी काहीही लिहिलं तरी तेच. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी फोन करून जिना किती आहे, पाठीला टेकायला खुर्ची मिळेल का, एवढंच विचारलं होतं. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, सीनियर सिटिझन आहेत ना? मग घरी यूट्यूबवर दाखवा की.’ त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पैसे कापल्याचा मेसेज पाहिलात, आत जाऊन कोणाशी तरी बोललात आणि आमची सोय केलीत. त्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या मिनिटभरासाठी. क्लबमध्ये जागांना नंबर नव्हते, आधी येईल तो पुढे बसेल, आणि बरीचशी उंच स्टुलं. तुम्ही आतून पाठीची खुर्ची उचलून आणलीत, ती खाली ठेवण्याआधी थोड्या वाकलात आणि बाबांनाच विचारलंत, ‘काका, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं?’

बाबांनी उजव्या कानाला हात लावला. तुम्ही खुर्ची स्टेजच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, उजवा कान माईककडे येईल अशी लावलीत. वर हेही विचारलंत, ‘पुढे बसलेल्यांशी तो गप्पा मारतो, चालेल ना तुम्हाला?’ बाबा म्हणाले, ‘मारू दे की!’

ताई, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे लोक बाबांबद्दल मला विचारतात. ‘यांना बीपी आहे का? यांना सही करता येईल ना?’ बाबा शेजारीच बसलेले असतात. चाळीस वर्षं हिशेब तपासणीची नोकरी केलेला माणूस ते ऐकत गप्प राहतो. तुम्ही त्यांच्याकडे बघून त्यांना विचारलंत. हे कुणी तुम्हाला शिकवलं असेल तर त्यांनाही माझा नमस्कार सांगा. पुण्यात माणुसकी उरली नाही असं आम्ही येताजाता म्हणतो. तुमच्या वयाची मुलं रोज कुठे ना कुठे असं वागत असणार, आणि त्याची बातमी होत नाही.

तो मुलगा खरंच बाबांशी बोलला. बाबांनी त्याला उत्तर दिलं आणि सगळा क्लब हसला. रिक्षात घरी येईपर्यंत ते तेच सांगत होते, त्याच्या आवाजात, हातवारे करून.

हे पत्र तुमच्या मालकांपर्यंत पोचलं तर त्यांना एक विनंती आहे. पायऱ्या किती आणि पाठीच्या खुर्च्या किती, एवढं तिकिटाच्या पानावर लिहा, आणि अडलं तर बोलायला एक माणूस ठेवा. तो माणूस कसा असावा ते त्यांना बाहेर शोधायला नको.

बाबांना पुढच्या महिन्यात परत यायचंय. या वेळी त्यांच्या दोन मित्रांनाही आणतायत. त्यातल्या एकाला डाव्या कानाने ऐकू येतं.

तुमची कृतज्ञ,
काकांची मुलगी