लाल टोपण, नारिंगी टोपण: मेडिकल वॉर्डच्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. डिस्चार्जच्या दिवशी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "नाव कशाला, सिस्टर म्हणा, सगळे तेच म्हणतात." तर सिस्टरच. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही माझ्या वडिलांच्या, आबांच्या बाबतीत जे शोधून काढलंत ते घरात इन्सुलिनची बाटली असलेल्या प्रत्येकाला कळायला हवं.

आबांना आणलं तेव्हा ते धड बोलत नव्हते. आठवडाभर लघवीला जळजळ, अंगात कणकण आणि तहान अशी की हातातला तांब्या खाली ठेवायची सोय नाही. ऊन आहे, वय झालंय, असं म्हणत शेजारपाजारचे कौतुकाने उसाचा रस आणि कोकम सरबत आणून देत होते. घरच्या मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दिसायचं. काकांना वाटलं मशीन बिघडलं. बऱ्याच मीटरांवर ६००च्या पुढे आकडा जातच नाही, मग 'हाय' येतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या रात्री मी तुमच्या टेबलापाशी सारखी येत होते. शुगर एवढी वाढलीय तर भराभर का उतरवत नाही, हा माझा एकच प्रश्न. तुम्ही न चिडता उत्तर दिलंत. रक्तात साखर वाढली की ती लघवीवाटे जाते आणि जाताना अंगातलं पाणी नेते. पाणी गेलं की लघवी कमी होते, साखर आणखी साचते आणि माणूस गुंगीत जातो. म्हातारपणी हे बरेच दिवस, कधी आठवडेही, हळूहळू होत जातं, म्हणून घरच्यांना तो नुसता थकवा वाटतो. बहुतेकदा मागे कसला तरी संसर्ग असतो, लघवीचा नाहीतर छातीचा. "ताई, आबांना आधी पाणी पाहिजे, मग इन्सुलिन. घाईने उतरवली तर मेंदूला सूज यायची भीती," असं म्हणून तुम्ही सलाईनचा थेंब नीट केलात आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आला का ते विचारायला फोन उचललात. इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम खाली येतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा काढत होते. मला तोवर वाटत होतं की रक्त सारखं काढतात ते फाईल भरण्यासाठी.

त्या वॉर्डात मला आणखी एक गोष्ट दिसली. 'शुगरचा पेशंट' म्हणून सगळ्यांची ओळख एकच, पण प्रत्येक जण आला होता वेगळ्याच वाटेने. समोरच्या कॉटवरच्या आजोबांची शुगर वाढली नव्हती, उलट ३८ वर आली होती. संकष्टी होती, सकाळची गोळी नेमाने घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते उठून बसले, गप्पा मारू लागले, आणि त्यांचा मुलगा घरी न्यायची घाई करू लागला. तुम्ही त्याला थांबवलंत. ती गोळी अंगात रेंगाळते, मूत्रपिंड अधू असेल तर आणखीच, आणि साखर पुन्हा घसरते. पहाटे ती घसरलीच. तो मुलगा नंतर मावशींकडून चहा घेऊन तुमच्यासाठी घेऊन आला होता, तुम्ही तेव्हा दुसऱ्या सलाईनच्या मागे होतात.

खिडकीकडचा कॉलेजातला मुलगा लहानपणापासून इन्सुलिनवर. पोट बिघडलं, उलट्या झाल्या, जेवण नाही तर इन्सुलिन कशाला म्हणून घरच्यांनी ते दोन दिवस बंद ठेवलं. खोल, धापा टाकल्यासारखा श्वास आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास. त्याच्या आईला तुम्ही दोन-तीनदा तेच सांगितलंत: जेवण थांबलं तरी अशा मुलाचं इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही. आजारात शरीर साखर स्वतःच सोडतं, आणि इन्सुलिन नसलं की चरबी जळून रक्तात आम्ल साठतं. त्या बाईंना तुम्ही रागावला नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते आहे. बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मात्र त्यांना बरंच बोलले होते.

कोपऱ्यातल्या काकांच्या छातीत कळ आलीच नव्हती. नुसता घाम आणि दम, आणि ईसीजीत हार्ट ॲटॅक. जुन्या मधुमेहात वेदना पोचवणाऱ्या नसाच बधिर होतात. सर्जिकल वॉर्डातून साखर दाखवायला येणारे एक शेतकरी होते, त्यांचा अंगठा झोपेत उंदराने कुरतडला आणि त्यांना सकाळी रक्त दिसेपर्यंत पत्ता नाही. ते हसत सांगायचे. तुम्ही हसायचा नाहीत, त्यांना बोटांच्या बेचक्या रोज बघायला लावायचात.

आता मुख्य गोष्ट.

आबा शुद्धीवर आले, लघवीचा संसर्ग आटोक्यात आला, साखर दोनशेच्या आत आली. आमच्या लेखी काम झालं होतं. ताप आला, त्याने शुगर वाढली, ॲडमिट केलं, बरे झाले. तुमचं मात्र समाधान होत नव्हतं. आबांची वही चाळताना तुम्ही विचारलंत की तापाच्या आधीही दोन-तीन महिने शुगर तीनशेच्या घरात आहे, इन्सुलिन १६ वरून २०, २० वरून २४ युनिट केलंय, तरी हलत का नाही? आबांनी नेहमीचं सांगितलं, की पथ्य पाळतो, सुई चुकवत नाही. खरंच चुकवत नव्हते. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केलेला माणूस, हिशेब आणि वेळ दोन्ही पक्की.

तुम्ही म्हणालात, "घरची पिशवी आणा. बाटली, सुया, सगळं. आणि आबा, मला घेऊन दाखवा."

वॉर्डबॉय मामांनी पडदा ओढला. आबांनी बाटली दोन तळव्यांत हळूच फिरवली, ढवळली नाही, हवा भरली, बरोबर २४ च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं. काही चुकलं नव्हतं. तुम्ही त्यांच्या हातातली सिरिंज घेतलीत आणि टोपण बघितलंत. नारिंगी.

आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन ४० युनिटचं येतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. रेघा दोन्हींवर असतात, आकडेही असतात, पण २४ ची रेघ दोन्हींत एकाच जागी नसते. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर २४ च्या रेघेला प्रत्यक्षात जातात साडेनऊ युनिट. तुम्ही केसपेपरच्या मागे गुणाकार करून दाखवलात. गावातल्या मेडिकलमध्ये एकदा लाल संपल्या होत्या, दुकानदाराने "सुई सारखीच आहे" म्हणून नारिंगी दिल्या. त्या बारीक, टोचत नाहीत, म्हणून आबा पुढे त्याच मागून घेऊ लागले. महिनोन्‌महिने ते अर्ध्याहून कमी औषधावर होते, आणि तपासणीच्या दिवशी सगळे वही बघत होते, सुई कोण बघतो?

एवढ्यावर थांबला असतात तरी पुष्कळ झालं असतं. पण तुम्ही तशाच डॉक्टरांकडे गेलात. घरचाच डोस चालू ठेवायचं ठरत होतं, म्हणजे कागदावरचे २४. सिरिंज बदलून आबांनी ते २४ घेतले असते तर अंगात एकदम अडीचपट इन्सुलिन गेलं असतं, आणि समोरच्या आजोबांसारखे तेही थंडगार घामात परत आले असते. डॉक्टरांनी वॉर्डात योग्य सिरिंजने किती लागतंय ते पाहून सकाळचे १४ लिहिले. उलटी चूक याहून वाईट, हेही तुम्ही बजावलंत. पेनच्या कार्ट्रिजमध्ये इन्सुलिन १०० युनिटचं असतं. पेन बिघडलं म्हणून कुणी त्यातून लाल सिरिंजने ओढलं, तर २४ चे ६० होतात.

जाता जाता तुम्ही आबांच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबून पाहिलीत. तिथे गाठी होत्या. वर्षानुवर्षं सवयीच्या जागी टोचल्यामुळे आलेल्या. तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलत राहायची. बदलताना पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासायची, कारण चांगल्या जागेतून औषध जास्त लागू पडतं. हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या सुई घेणाऱ्या किती जणांच्या घरी बाटली आणि टोपण एकमेकांशी जुळवून बघितलं जातं कोण जाणे. आमच्या आळीत मी बघून आले. चार घरांत इन्सुलिन आहे, एका घरी नारिंगी निघालं. त्या काकूंना परस्पर सिरिंज बदलू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं आणि त्यांच्या मुलाबरोबर पाठवलं. त्यांचाही डोस नव्याने ठरला.

आबांची शुगर आता उपाशीपोटी १३० च्या आसपास असते. लघवीची तपासणी स्वच्छ आली. मेडिकलवाल्याशी ते स्वतः बोलून आले. भांडले नाहीत, कंडक्टरकीच्या सुरात त्याला बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला म्हणे.

पुढच्या महिन्यात ओपीडीला यायचं आहे. तुमची ड्युटी कुठल्या वॉर्डात आहे ते मावशींना विचारून भेटायला येऊ. पेढे आणू नका, वॉर्डात शुगरचेच पेशंट आहेत, असं तुम्ही आधीच बजावलंय. म्हणून आईने शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा काढून ठेवल्या आहेत.

तुमची आभारी,
आबांची मुलगी