पुराचं पाणी त्रैराशिकाने वाढत नाही

महोदय,

अंबाझरी तलावाचा सांडवा, म्हणजे भरलेल्या तलावातलं जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, वाहू लागला की आमच्या लेआउटमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘वीतभर पाणी वाढलं, त्यात एवढं काय?’ २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं, तरी हे बोलणं थांबत नाही. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून मला ते ऐकवत नाही.

पाणी त्रैराशिक पाळत नाही. सांडव्याच्या माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या थराची उंची दुप्पट झाली तर विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारं पाणी, सुमारे २.८ पट होतो. तिप्पट झाली तर पाचपटीहून जास्त. खाली नाग नदीचं पात्र मात्र तेवढंच, आणि तेही आपण भिंती नि स्लॅब घालून आवळत आणलेलं.

त्यात लाटेची भर पडते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १० सेंटिमीटर खोलीला तो सेकंदाला साधारण १ मीटर असतो, १ मीटर खोलीला ३ मीटरच्या वर. म्हणून पुराचा मागून येणारा खोल भाग पुढच्या उथळ भागाला गाठतो, त्याच्यावर चढतो, आणि लाटेचं तोंड उभं होत जातं. दुचाकी काढू, म्हाताऱ्यांना वर नेऊ म्हणेपर्यंत पाणी दारात असतं ते यामुळे.

कुणाला पटत नसेल तर जोराच्या पावसात सेमिनरी हिल्सचा उताराचा डांबरी रस्ता बघा. पाण्याचा पातळ थर एकसारखा उतरत नाही, त्याच्या आपोआप लाटा होतात. मोठी लाट धाकटीला गिळते आणि आणखी मोठी होते. वर कुणी पाणी अडवून सोडत नसतं. तीव्र उतारावरच्या वेगवान प्रवाहाचा तो स्वभावच आहे. मी अजूनही छत्री घेऊन ते बघत उभा राहतो.

अरुंद पुलाखाली कचरा अडकला की तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा मागे सरकत वरच्या वस्तीत शिरतो. पुलाखालून सुसाट निघालेलं पाणी पुढे एकदम मंदावतं, तिथे उसळी घेतं आणि नदीचा तळ खरवडतं. संरक्षक भिंतीचा पाया उघडा पडतो तो बहुधा अशाच जागी. भिंत बांधताना केवळ तिची उंची वाढवून भागत नाही, तळाला दगडांचं अस्तरही लागतं.

महानगरपालिकेला माझी विनंती एवढीच: सांडव्यावर आणि खालच्या प्रत्येक पुलावर पाणीपातळीची ठळक पट्टी रंगवावी, आणि सांडव्यावरच्या पट्टीवर दर आकड्यासमोर विसर्गही लिहावा. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळेतले, पाणी कसं वाहतं ते बाजूने दिसणारे काचेचे पाट पावसाळ्याआधी एखादा रविवार शाळकरी मुलांना दाखवावेत. रामन विज्ञान केंद्रातही असा पाट कायमचा असावा.

सांडव्याची मापं मिळाली तर विसर्गाचे आकडे काढून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. पट्ट्या मात्र जूनच्या आत रंगवून व्हाव्यात.

– एक निवृत्त शाखा अभियंता, अंबाझरी लेआउट, नागपूर