बाबा, चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "हल्ली उठलं की चक्कर येते." पुढे काहीतरी बोलणार होतात, तेवढ्यात मी सुरू झाले. साखर तपासली का, पाणी कमी पिताय का, गोळी चुकली का. तुम्ही "हो, नाही, नाही" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. त्यानंतर अर्ध्या तासाने मी मेडिकलच्या विद्यार्थ्यांसमोर उभी होते. त्या दिवशीचा विषय होता, पेशंटला बोलू कसं द्यावं.

हसू नका. मी दरवर्षी त्यांना १९८४ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास सांगते. डॉक्टर आणि पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या, तर पेशंट तक्रार सांगू लागल्यापासून डॉक्टर त्याला मध्येच तोडेपर्यंत सरासरी १८ सेकंद जात होते. परवा हा आकडा सांगताना माझी जीभ अडखळली. तुम्हाला मी पाच सेकंदही दिले नव्हते.

आई, तू नेहमी विचारतेस, "तू पेशंट बघतेस की पोरांना शिकवतेस?" अगं, दोन्ही एकदमच चालतं. पेशंटच्या खाटेभोवती सहा-सात जण, आणि मी एकाला पुढे करते. छाती ठोकून बघायला शिकवणं मला सगळ्यात आवडतं. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत घट्ट टेकवायचं, उजव्या मधल्या बोटाने मनगटातून त्यावर ठोका द्यायचा आणि बोट लगेच उचलायचं. खाली हवा असेल तर आवाज पोकळ येतो. फुप्फुसाभोवती पाणी साचलं असेल तर बद्द, दगडावर ठोकल्यासारखा. छाती ठोकून बघण्याची मूळ कल्पना १७६१ मध्ये लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि दारूची पिंपं ठोकून आत किती उरलंय हे ते बघत, त्यावरून त्याला सुचलं, असं सांगतात. मला मात्र तिथे तुम्ही दिसता बाबा, पाण्याची टाकी बोटाने वरून खाली ठोकत येणारे, आणि "इथपर्यंत आहे" म्हणून खडूने रेघ मारणारे.

मुलं विचारतात, सोनोग्राफी असताना हे कशाला? मी खोटं सांगत नाही. थोडं पाणी हाताला कळत नाही, मशीनला कळतं. पण ठोकून बघायला पेशंटच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तो हळूच म्हणतो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं."

यावरून आमच्या परीक्षेचं आठवलं. तिला 'ऑस्की' म्हणतात. रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत मांडली. ओळीने टेबलं मांडलेली, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर, प्रत्येकाला तेच काम आणि तीच गुणपत्रिका. कुणाला सोपा पेशंट, कुणाला अवघड, हा नशिबाचा खेळ तिने बराच कमी केला, म्हणून मी तिच्या बाजूची आहे. पण सहानुभूतीलाही गुण असल्यामुळे मुलं दारातून आत येतानाच "तुमचा त्रास मी समजू शकतो" म्हणून टाकतात. त्रास कोणता, हे अजून विचारायचंच असतं!

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या केस शीटवर श्वासाची गती १८ लिहिलेली होती. शेजारच्या खाटेवर १८. त्याच्या पलीकडेही १८. पहिला पेशंट तर डोळ्यांना दिसेल इतका धापा टाकत होता. मी त्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारलं, "मोजलेस?" तो खाली बघत राहिला. त्याला नापास करणं सोपं होतं. मी त्याला घड्याळ दिलं आणि तिन्ही खाटांजवळ पूर्ण एकेक मिनिट उभं केलं. पहिल्याचा आकडा ३२ निघाला. मग त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. इंटर्न असताना एका रात्री मीही न मोजता नाडी लिहिली होती. त्या पेशंटला काही झालं नाही आणि मला कुणी पकडलंही नाही. तरी ती खाट अजून डोळ्यांसमोर येते. व्यावसायिक सचोटीवर आमच्याकडे व्याख्यानं होतात, छान होतात. तो मुलगा मात्र त्या तीन मिनिटांत शिकला, असं मला वाटतं.

वॉर्डाबाहेरचंही शिकवावं लागतं. डॉक्टर जॉन स्नो यांची १८५४ मधली लंडनच्या कॉलऱ्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, साथ पंपाच्या पाण्यातून पसरतेय हे ओळखून त्यांनी हातपंपाचा दांडा काढायला लावला ती. मी त्यांना विचारते, पंपाजवळ राहूनही वाचलं कोण? जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते. ते बिअर प्यायचे, पंपाचं पाणी जवळजवळ नाहीच, आणि तिथे कुणीही कॉलऱ्याने दगावलं नाही. आजारी नसलेल्यांकडे बघायला मुलांना सुचतच नाही. यंदा त्यांना घरोघर पाठवलं, पडलेल्या म्हाताऱ्यांची चौकशी करायला. कोण पडलं हे लिहून आणलं, कुठे पडलं हे निम्म्यांनी विचारलंच नव्हतं. परत पाठवलं. तेव्हा एकाच अंधाऱ्या जिन्याचं नाव चार घरांतून आलं. चौघांचंही हाड वेगवेगळ्या दिवशी जोडलं गेलं होतं, जिन्यात दिवा मात्र कुणी लावला नव्हता.

म्हणून आता तुमचं, बाबा. सकाळी पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने मोजा आणि तीन मिनिटांनी पुन्हा. आडवं असतानापेक्षा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कळवा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं, पण एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. आई, तू जवळ उभी राहा, खुर्ची हाताशी असू दे, आणि आकडे जसेच्या तसे लिही, गोल करू नकोस. उभं राहताना फारच गरगरलं तर मोजणं सोडा, त्यांना बसव आणि मला लगेच फोन कर.

रविवारी फोन बाबांनीच उचलावा. चक्कर कशी येते, खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, कधीपासून, सगळं पहिल्यापासून सांगा. मी गप्प बसेन. आई, तूही मागून बोलू नकोस.

तुमची,
मनू