टीआयएफचा पाया कोण मोजणार? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंगवर महापालिकेचे नियंत्रण

महोदय,

प्रकल्पामुळे आसपासच्या जमिनीला जो भाव येतो त्यातला वाटा सरकारने कसा घ्यावा, याचे दहा मार्ग केंद्राच्या 2017 च्या ‘व्हॅल्यू कॅप्चर फायनान्स’ आराखड्यात दिले आहेत. काही मार्ग महाराष्ट्रात आधीपासून वापरात आहेत. मेट्रोच्या शहरांत खरेदीखत नोंदवताना 1 टक्का अधिभार भरावा लागतो आणि स्थानकाभोवती प्रीमियम घेऊन जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळते. टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे टीआयएफ, हाही त्या दहांपैकीच एक. शहरातला एखादा पट्टा ठरवायचा, त्यातला आजचा मालमत्ता कर आधार म्हणून गोठवायचा आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यावर जी वाढ होईल ती प्रकल्पाच्या कर्जफेडीला लावायची. नवा कर लागत नसल्याने कोणी विरोध करत नाही. धोका तिथेच आहे. टीआयएफचे नियम लिहिले जाण्याआधी काही गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

सगळा खेळ आधाराच्या आकड्याचा आहे. समजा, पट्ट्यातली मालमत्ता कराची आजची वार्षिक मागणी, म्हणजे बिलांची एकूण रक्कम, 40 कोटी रुपये आहे आणि प्रकल्प झाला नसता तरी ती वर्षाला 5 टक्के वाढलीच असती. 20 वर्षांनी ती 106 कोटी होते. आधार 40 कोटींवर गोठलेला असेल तर मधले 66 कोटी प्रकल्पाच्या खात्यात जातात, आणि त्यातला एक रुपयाही प्रकल्पाने आणलेला नसतो. त्या पट्ट्यातला कचरा, पाणी, झाडलोट, दिवाबत्ती मात्र पालिकेने 20 वर्षांपूर्वीच्या 40 कोटींतच भागवायची. म्हणून पट्टा वगळून उरलेल्या शहराची मागणी ज्या दराने वाढते, त्याच दराने आधारही दरवर्षी वाढला पाहिजे. एवढी एक अट नियमात आली तरी अर्धा गैरवापर संपेल.

उरलेला अर्धा करआकारणी विभागाच्या नोंदवहीत असतो. नोंद नसलेल्या मिळकती आधारवर्षानंतर ‘सापडल्या’ की त्यांचा कर वाढ म्हणून मोजला जातो. इमारती मात्र आधीच उभ्या होत्या. आधार वसुलीवर धरला आणि ते वर्ष मंद वसुलीचे निघाले, तर पुढे दंडमाफीच्या अभय योजनेत आलेली जुनी थकबाकीसुद्धा वाढ ठरते. उलट दुबार नोंदी आणि न्यायालयात अडकलेली मागणी आधारात राहिली तर आधार कागदावर फुगतो, वाढ दिसत नाही आणि कर्जाचे हप्ते पालिकेच्या सर्वसाधारण निधीवर येतात. त्यामुळे पट्टा जाहीर करण्यापूर्वी मिळकतींचे पूर्ण सर्वेक्षण व्हावे, दुबार नोंदी वगळाव्यात, आणि आधार व वाढ या दोन्ही गोष्टी फक्त चालू मागणीवर मोजाव्यात. खात्यात रक्कम वर्ग करताना मात्र त्या मागणीपैकी प्रत्यक्ष वसूल झालेलाच भाग वर्ग करावा.

कराच्या बिलात एकच कर नसतो, हेही नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटू नये. पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण लाभ कर आणि वृक्ष कर ठरावीक कामांसाठी घेतले जातात. राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर पालिका केवळ गोळा करून देते. टीआयएफसाठी फक्त सर्वसाधारण करातली, म्हणजे पालिकेच्या नेहमीच्या खर्चासाठी असलेल्या करातली, वाढ घ्यावी. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) बहुतांश 2015 मध्ये गेला, आता पालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर हाच उरला आहे.

एकाच भाववाढीवर किती वेळा हात मारायचा, हा प्रश्नही आहेच. खरेदीदाराने 1 टक्का अधिभार भरलेला, बिल्डरने प्रीमियम भरून तो फ्लॅटच्या दरात मिळवलेला, आणि वर त्याच मेट्रोच्या नावाने मालमत्ता करातली वाढ वळवायची. प्रकल्पाचा खर्च मांडताना या तिन्ही वाटांनी आलेली रक्कम एकाच तक्त्यात दाखवणे बंधनकारक करावे.

बाहेरचा अनुभव फार बोलका आहे. ही पद्धत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1952 मध्ये सुरू झाली. शाळांच्या वाट्याचा कर टीआयएफ वापरणाऱ्या पुनर्विकास संस्थांकडे वळत गेला आणि ती तूट राज्याच्या तिजोरीला भरून द्यावी लागली. अखेर 2011 मध्ये कायदा करून राज्याने या संस्थाच बंद करायचे ठरवले आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्या विसर्जित झाल्या. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याच्या कायद्यात पट्ट्याची मुदत 23 वर्षे आहे, पण विधिमंडळाच्या मंजुरीने ती 35 वर्षांपर्यंत वाढवता येते. शेजारच्या पट्ट्यात पैसे वळवण्याचीही तिथे मुभा आहे. त्या राज्यातल्या शिकागोमध्ये असे पट्टे शंभराहून अधिक झाले, आणि कोणत्या पट्ट्यात किती शिल्लक आहे हा तिथल्या राजकारणातला कायमचा वाद होऊन बसला. आपल्या नियमात मुदतवाढ आणि वळवावळवी, दोन्हींना साफ मनाई असावी. कर्ज फिटले की पट्टा आपोआप रद्द व्हावा.

देखरेख कोणाची? स्मार्ट सिटी कंपन्यांसारखी वेगळी कंपनी काढून तिच्याकडे हे खाते देऊ नये. कंपनीचे निर्णय संचालक मंडळ घेते आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकाला ‘तो विषय कंपनीचा’ हे उत्तर ऐकावे लागते. खाते महापालिकेचेच असावे, एस्क्रो, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येतील असे, असावे, आणि त्याचे जमाखर्चाचे स्वतंत्र विवरण अंदाजपत्रकासोबत स्थायी समितीपुढे यावे. पट्ट्याची हद्द, आधाराचा आकडा आणि कर्जाची कमाल मर्यादा सर्वसाधारण सभेने ठरावाने मंजूर करावी. 2022 नंतर बऱ्याच महापालिकांत वर्षानुवर्षे प्रशासक होते, तशी स्थिती पुन्हा आली तर त्या काळात नवा पट्टा जाहीर करता येणार नाही, असे नियमातच लिहावे. 25 वर्षांचे उत्पन्न गहाण टाकणे हे प्रशासकाचे काम नव्हे.

आधाराचा आकडा करआकारणी विभागाने काढावा, पण प्रमाणित करावा मुख्य लेखापरीक्षकाने. जो विभाग वसुलीसाठी जबाबदार आहे त्यानेच स्वतःचा पाया मोजला तर तपासणी उरतच नाही. दर तीन वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाने किमान शंभर मिळकती चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि आधारवर्षातली नोंद प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहावी. मिळकत क्रमांक, आधारवर्षाची मागणी आणि चालू मागणी हे तीन रकाने, मालकांची नावे वगळून, महापालिकेच्या संकेतस्थळावर उघडे असावेत. ही यादी विभागाकडे संगणकात असतेच. ती जाहीर करायला वेगळा खर्च लागत नाही.

आपले,
महापालिका वित्त आणि करआकारणीचे अभ्यासक