होनोलुलूहून घरी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आई, मी खोल पाण्यात जात नाही. काम कातळावरच्या डबक्यांपाशी असतं, सोबत कायम कोणीतरी असतं आणि लाटांकडे पाठ करायची नाही, हे इथे पहिल्या दिवशीच शिकवतात. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम दोन फुटांचा, आपल्या गुहागरसारखा नाही. तेव्हा उगाच जागत बसू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलंत तो मासा म्हणजे पाओओ. वीतभरही नसतो. अंगावर पट्टे, डोक्यावर इवलासा तुरा. आपल्या निवटीसारखा उड्या मारतो, पण चिखलात नाही, लाव्हाच्या काळ्या कातळावर. काल माझी सावली पडली तसा एक उडाला आणि माझ्या पायावरून पलीकडच्या डबक्यात गेला. गार, बुळबुळीत स्पर्श अजून जात नाही. नर बिळात बसून अंडी राखतो. हवाई बेटं सोडली तर हा जगात कुठेच नाही. इथल्या प्रवाळातल्या माशांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा असाच फक्त इथला, कारण अमेरिकेचा किनारासुद्धा 3,800 किलोमीटर लांब. ही डबकी बिघडली तर त्यांनी जायचं कुठे? म्हणून ही माशांची मोजणी, बाबा. हा टाइमपास नाही.

इथल्या लोकांची एक गोष्ट मात्र मला सहा महिने उमगली नाही. पूर्व-पश्चिम कोणी म्हणतच नाही. डोंगराकडे ते मौका, समुद्राकडे ते मकाई. उरलेल्या दोन बाजूंपैकी एक डायमंड हेड डोंगराची, दुसरी एवा गावाची. पत्ता विचारला की 'मकाई बाजूला, डायमंड हेडकडचा कोपरा'! त्यात बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर गेलं की मौका नेमकी उलट दिशेला, कारण डोंगर मध्ये. शेवटी आपलं 'सड्यावर' आणि 'बंदरावर' आठवलं, तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

कौलांसाठी 60,000 पाठवलेत, जमा झाले की कळवा. परत करायचं म्हणू नका, मला पुरून उरतं. स्थळाला मी नाही म्हणत नाहीये, पण मोजणी दिवाळीपर्यंत चालेल. त्या मंडळींना ताटकळत ठेवू नका, स्पष्ट सांगा.

गणपतीला येते म्हटलं होतं, यंदा जमत नाही. आई, आजीला तूच सांग, मला फोनवर सांगवलं नाही. तिला माझ्या खोलीत झोपू दे, तिथे वारा येतो.

तुमची,
धाकटी