क्रूझ निवडताना जहाजाआधी बंदरातले तास बघा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये क्रूझचे लेख आणि जाहिराती झळकू लागतात. छतावरची घसरगुंडी, काचेच्या लिफ्ट, डझनावारी उपाहारगृहे आणि 'जगातले सर्वांत मोठे' हे विशेषण, यापलीकडे त्यांत फारसे काही नसते. क्रूझची आरक्षणे करून देणे हा आमचा रोजचा उद्योग आहे. परत आलेले प्रवासी कशाचे कौतुक करतात आणि कशावरून तावातावाने भांडतात, हे आम्हाला सतत ऐकायला मिळते. त्यात घसरगुंडी क्वचितच येते. सामान एकदा कपाटात लावले की रोज बांधाबांध नाही, रात्री झोपावे आणि सकाळी डोळे उघडतात ते दुसऱ्याच गावात, हेच सुख लोक पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात. म्हणजे क्रूझमधली सर्वांत मोलाची गोष्ट आहे वेळ. हा वेळ कुठे मिळतो आणि कुठे वाया जातो, हे मात्र जाहिरातीत शोधूनही सापडत नाही.

पहिली फसगत बंदराच्या नावात असते. कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या अक्षरांत 'रोम' छापलेले असते. जहाज लागते चिवितावेक्कियाला. तिथून रोम सुमारे 70 किलोमीटर दूर आहे. 'फ्लोरेन्स' म्हणजे प्रत्यक्षात लिव्होर्नो, तिथून पुढे सुमारे 90 किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, आणि अंतर 200 किलोमीटरच्या आसपास. 'बर्लिन'साठी बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या वार्नेमुंडेला उतरावे लागते आणि तिथून एका बाजूच्या प्रवासालाच तीन तासांच्या घरात वेळ जातो. आता पत्रिकेतल्या 'सकाळी 7 ते संध्याकाळी 7' या बारा तासांचा हिशेब करा. जहाज धक्क्याला लागले तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणाला उतरता येत नाही. तिथे अर्धा-पाऊण तास जातो. परत चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी असते, काही जहाजांवर त्याहूनही आधी. रोमचे जाणे-येणे, धक्क्यापासून स्टेशनपर्यंतची बस धरून, तीन तास खाते. हाती उरतात साडेसात-आठ तास, तेही गाडी वेळेवर धावली तर. बर्लिनच्या बाबतीत पाचही उरत नाहीत. याउलट माल्टाच्या वालेट्टात जहाज शहराच्या तटाखालीच लागते, धक्क्यावरून थोडे चालले की लिफ्ट थेट वर गावात नेते. तिथला सहा तासांचा थांबा अंगाला लागतो. म्हणून किती बंदरे आहेत हे मोजण्यापेक्षा प्रत्येक बंदरात प्रत्यक्ष गावात किती तास मिळतात, हे मोजावे. आठवडाभरात सहा बंदरे देणाऱ्या सफरीपेक्षा चार बंदरांची सफर अनेकदा उजवी ठरते ती याच कारणाने. शिवाय लागोपाठ सहा दिवस भल्या पहाटे उठून फिरल्यावर माणूस ज्या जहाजासाठी पैसे मोजले, त्यावर केवळ झोपायला येतो.

जहाज धक्क्याला लागणार की खोल पाण्यात उभे राहून होड्यांनी प्रवासी नेणार, हा दुसरा प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावा. या होड्यांना 'टेंडर' म्हणतात. पुष्कळदा त्या जहाजाच्याच लाइफबोटी असतात. टेंडरसाठी आधी टोकन घ्यावे लागते. जहाजाच्या कंपनीची सहल घेतलेल्यांना पहिला मान असतो, त्यामुळे स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांची सकाळची तास-दीड तासाची खोटी होते. सँटोरिनीत तर होडीतून उतरल्यावर कड्यावरच्या गावात पोचायचे म्हणजे केबल कार, नाहीतर सुमारे 600 पायऱ्या. एका दिवशी तीन-चार जहाजे आली की चढताना रांग असतेच, पण खरी परीक्षा उतरताना होते, कारण दुपारी सगळ्यांनाच एका वेळी परतायचे असते. तिथे शेवटच्या होडीच्या किमान दोन तास आधी केबल कारच्या रांगेत उभे राहावे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना टेंडर बऱ्याचदा अशक्यच ठरते, कारण जहाज आणि होडी लाटेवर वेगवेगळी वरखाली होतात आणि मधली फट ओलांडावी लागते. समुद्र जरा जास्त खवळला तर कप्तान तो थांबाच रद्द करतो. आरक्षणाच्या करारात त्याला तसा पूर्ण अधिकार दिलेला असतो, आणि परत मिळतात ते फक्त त्या बंदराचे शुल्क आणि कर. एकाच बंदरासाठी सगळी सफर ठरवणार असाल आणि ते बंदर टेंडरचे असेल, तर ही जोखीम समजून घ्या.

वेळेचाच आणखी एक घोळ म्हणजे घड्याळ. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एकच असेल असे नाही, आणि मोबाइल किनाऱ्यावर गेल्यावर परस्पर तिथली वेळ दाखवू लागतो. उतरताना जिन्यापाशी 'परत येण्याची वेळ' असा फलक असतो, ती जहाजाची वेळ. हातात साधे घड्याळ असावे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मग आपल्याच खिशातून. रोजच्या कार्यक्रमपत्रकात बंदरातल्या एजंटाचा फोन क्रमांक छापलेला असतो, त्याचा आणि पासपोर्टचा फोटो काढून ठेवल्याशिवाय खाली उतरू नये.

आता केबिन. बाल्कनीची केबिन हवीच, असा हट्ट बहुतेकांचा असतो. आमचे मत थोडे वेगळे आहे: रोज एक बंदर असलेल्या सफरीत बाल्कनीवरचा जादा खर्च वाया जातो, कारण उजेडाच्या वेळी तुम्ही तिथे नसताच. अलास्कातल्या ग्लेशिअर बेसारख्या ठिकाणी, जिथे जहाज न थांबता देखाव्यामधून हळूहळू सरकते, तिथे मात्र बाल्कनीचे पैसे वसूल होतात. बाल्कनी की खिडकी यापेक्षा केबिन कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे, आणि त्यासाठी डेकचा नकाशा समोर ठेवून वरचा आणि खालचा मजला तपासावा लागतो. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तो मजला उत्तम. खालच्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाला स्वस्तात मिळणारी केबिन घेतली, तर पहाटे जहाज बंदरात शिरताना बाजूला ढकलणारे पंखे सुरू होतात आणि उशाशी जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज येतो. मधला दरवाजा असलेली जोड-केबिन ओळखीचे कुटुंब शेजारी नसेल तर टाळावी. त्या दारातून बोलणे सरळ ऐकू येते. मोठी खिडकी पण समोर लाइफबोट, अशीही केबिन असते. तिच्या वर्णनात 'अंशतः अडलेले दृश्य' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. 'गॅरंटी' नावाने विकली जाणारी स्वस्त केबिन म्हणजे क्रमांक कंपनी ठरवणार, तुम्ही नाही. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी या सवलतीच्या वाटेला जाऊ नये.

बोट लागण्याची भीती असलेल्यांनीही नकाशाच पाहावा. पुढून-मागून होणारी वरखाली दोन्ही टोकांना सर्वांत जास्त जाणवते आणि डावी-उजवीकडची डुलकी वरच्या मजल्यांवर. म्हणून मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत स्थिर. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डुलणे बरेच कमी करतात. पण पुढे-मागे होणारे हेलकावे त्यांनी थांबत नाहीत, आणि वेग कमी झाला की पंखांचा जोरही कमी होतो. औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावे लागते. मळमळ सुरू झाल्यावर पोटात गोळी टिकत नाही.

'सर्वांत मोठे जहाज' म्हणजे सर्वांत ऐसपैस, हाही गैरसमज. जहाजाचा आकार ग्रॉस टनेजमध्ये सांगतात. हे वजन नव्हे, तर आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती जागा हे कळते. 30 च्या खाली उत्तर आले तर गर्दी जाणवणार, 45 च्या वर आले तर मोकळेपणा. पण इथेही एक मेख आहे. प्रवासीसंख्या धरली जाते ती एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने. 2024 मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चे ग्रॉस टनेज 2,48,663 आहे आणि दोघांच्या हिशेबाने प्रवासी 5,610, म्हणजे उत्तर 44. हेच जहाज शाळांच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बिछान्यांसह पूर्ण भरले तर प्रवासी 7,600 पर्यंत जातात आणि तेच उत्तर 33 च्याही खाली येते. जहाज तेच, केबिनही तीच. लिफ्टपुढची आणि न्याहारीची रांग मात्र वाढलेली. मुले नसतील तर सुट्टीचे आठवडे टाळणे हा मोठ्या केबिनपेक्षा चांगला सौदा आहे.

जेवणाबद्दल आणि करमणुकीबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक जहाजांवर दोन्ही ठीकच असतात आणि त्यावरून सफर फसत नाही. खर्चावरून फसते. जाहिरातीतल्या भाड्यात बहुधा टिप नसते. ती माणशी दररोज या दराने खात्यात आपोआप चढते. वायफाय, मद्य, खास उपाहारगृहे, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. पेयांचे पॅकेज अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एकाच प्रौढाला घेता येत नाही, सगळ्यांनी घ्यावे लागते. जोडीतला एकजण पीत नसेल तर हे गणित कोसळते. एकट्या प्रवाशाला बऱ्याचदा दोघांचे भाडे पडते. आणि मोबाइल समुद्रात असताना फ्लाइट मोडवरच हवा. जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते आणि साधी रोमिंग पॅकेजेस सहसा त्याला लागू होत नाहीत.

आरोग्याच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगतो. बुफेच्या दारातल्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. साबण आणि पाण्याने हात धुणेच उपयोगी. अमेरिकी बंदरांतून परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी तिथली सीडीसी ही रोगनियंत्रणाचे काम पाहणारी सरकारी संस्था करते, 100 पैकी गुण देते आणि ते सर्वांसाठी खुले असतात. 85 किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. आरक्षणापूर्वी दोन मिनिटे काढून हे गुण पाहणारा प्रवासी विरळाच.

शेवटी कागदपत्रे. जहाज ज्या ज्या देशात थांबते तिथला व्हिसा, खाली उतरायचे नसले तरी, बऱ्याचदा लागतो. व्हिसा ज्या प्रदेशाचा आहे त्याबाहेर सफर मध्येच जाऊन परत येणार असेल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही, अनेकदा प्रवेशाचा लागतो. यात चूक निघाली तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि भाडे परत मिळत नाही. विमानाने सुटण्याच्या बंदराला जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचावे. विम्यात आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे पाहावे, कारण जहाजावरचा दवाखाना खासगी दराने बिल करतो आणि गंभीर रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवतात. औषधे, पासपोर्ट आणि चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवा. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, आणि शेवटच्या रात्री ती दाराबाहेर ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि बूट तिच्यात जाऊ देऊ नका.

आपले,
क्रूझ सहलींच्या आरक्षणाचे काम करणारे काही वाचक