सिगारेट सुटली, आता वेपचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सव्वीस वर्षे ओढलेली सिगारेट मी गेल्या वर्षी सोडली, ती लंडनहून आलेल्या भाच्याने दिलेल्या वेपच्या (म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटच्या) आधाराने. राजवाड्याजवळच्या टपरीवर आता पाय थबकत नाहीत आणि सराफ्यात रात्री फिरताना धापही लागत नाही. प्रश्न आहे तो पुढचा: हे वेप आयुष्यभर ओढायचे का?

वेपमध्ये तंबाखू जळत नसल्याने धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, हे खरे; म्हणूनच ब्रिटनची आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना ते सुचवते. मात्र तीच सेवा हेही सांगते की ते पूर्णपणे निर्धोक नाही आणि पुन्हा सिगारेटकडे वळणार नाही अशी खात्री झाल्यावर निकोटिनचे प्रमाण हळूहळू उतरवत तेही सोडावे. दीर्घकालीन परिणाम कळण्याइतका काळ अजून लोटलेलाच नाही.

शिवाय आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे, म्हणजे भाच्याची ती भेटही (प्रेमाची असली तरी) बेकायदाच. चोरट्या मालातील द्रवात काय मिसळले आहे, हे कोण तपासणार? सिगारेट मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर खुशाल मिळते, ही विसंगती मला खटकते.

मी निकोटिनच्या २ मिलिग्रॅमच्या च्युइंगगमकडे वळलो आहे. माझ्यासारख्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर जरूर बोलावे. तेथे सल्ला विनामूल्य मिळतो.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर